गेथशेमानेची बाग ख्रिस्ती परंपरेत इतकी महत्त्वाची का?

यरुशलेमच्या जुन्या शहराच्या पूर्वेकडील तटाखाली किद्रोनचे खोरे आहे आणि ते ओलांडले की जैतुनांच्या डोंगराचा उतार सुरू होतो. या उताराच्या पायथ्याशी, कुंपणाच्या आत, जैतुनाची आठ अतिशय जुनी झाडे उभी आहेत. जगभरातील ख्रिस्ती लोक या जागेला गेथशेमानेची बाग म्हणून ओळखतात. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री येशू ख्रिस्ताने येथे प्रार्थना केली आणि येथेच त्याला अटक झाली, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु जिथे ख्रिस्ताचा जन्म झाला नाही आणि मृत्यूही झाला नाही, त्या जागेला ख्रिस्ती श्रद्धेत बेथलेहेम आणि कालवरी यांच्या पंक्तीत स्थान का मिळाले, हे समजून घ्यायचे असेल, तर त्या रात्रीच्या हकिकतीकडे आणि त्या हकिकतीवर पुढे अनेक शतके झालेल्या चिंतनाकडे बारकाईने पाहावे लागते.

येशूचे चरित्र सांगणाऱ्या नव्या करारातील चारही शुभवर्तमानांत ही घटना आली आहे, मात्र जागेचे वर्णन प्रत्येकाने आपापल्या परीने केले आहे. मत्तय आणि मार्क ‘गेथशेमाने’ हे नाव देतात, पण तिला बाग म्हणत नाहीत. योहान ‘किद्रोन ओहोळापलीकडची बाग’ असे सांगतो, पण नाव देत नाही. लूक फक्त जैतुनांच्या डोंगराचा उल्लेख करतो. ही वर्णने एकत्र करून परंपरेने ‘गेथशेमानेची बाग’ असे म्हणायला सुरुवात केली. गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. त्यामुळे बाग या शब्दाने फुलझाडांचे ताटवे आणि कारंजी डोळ्यांसमोर आणू नयेत, ही जैतुनाची लागवड असलेली आणि तेल गाळण्याची सोय असलेली शेतजमीन होती. आजच्या बागेपासून थोड्याच अंतरावर एक मोठी गुहा आहे आणि तिच्यात पूर्वी घाणा असल्याच्या खुणा सापडल्या आहेत. जैतुनाची फळे शरद ऋतूत काढतात, तर वल्हांडण हा यहुदी सण वसंत ऋतूत येतो, म्हणजे सणाच्या दिवसांत घाणा बंद आणि जागा मोकळी असणार. यात्रेकरूंनी गजबजलेल्या यरुशलेमच्या वेशीबाहेर येशूला आणि त्याच्या शिष्यांना रात्रीच्या आसऱ्यासाठी अशी जागा सोयीची वाटली असावी. येशू तेथे पुष्कळदा शिष्यांसह जात असे आणि म्हणूनच त्याला धरून देणाऱ्या यहूदालाही ती जागा माहीत होती, असे योहानाने स्पष्ट लिहिले आहे.

या शेवटच्या वाक्यात मोठा अर्थ दडला आहे, कारण यहूदा भोजनावरून उठून गेल्यानंतरही येशू आपल्या नेहमीच्या जागीच गेला. तेथील भूगोल पाहिला की या गोष्टीचे वजन कळते. जैतुनांचा डोंगर चढून माथ्यावर गेले की पलीकडच्या उतारावर बेथानी हे गाव लागते, जेथे येशूच्या जिवाभावाच्या माणसांचे घर होते, आणि त्यापुढे यहूदीयाचे वाळवंट सुरू होते. त्या वाळवंटात एकदा माणूस शिरला की त्याला रात्री शोधून काढणे कठीण होते. वल्हांडणाच्या सुमारास चंद्र पूर्ण असतो, त्यामुळे वाट दिसण्याइतका उजेडही होता. उलट बाजूला, किद्रोनच्या खोऱ्यातून मशाली आणि कंदील घेऊन येणारी तुकडी बागेतून बरीच आधी दिसली असणार. पळून जाण्यासाठी वेळ होता, वाट होती आणि आसराही होता. म्हणून ख्रिस्ती वाचक या प्रसंगाकडे सापळ्यात अडकलेल्या माणसाची गोष्ट म्हणून पाहत नाहीत, तर जाता येत असूनही थांबलेल्या माणसाची गोष्ट म्हणून पाहतात.

याच वाटेने त्याआधी सुमारे हजार वर्षांपूर्वी दुसरा एक माणूस गेला होता, असे जुना करार सांगतो. राजा दावीद आपला मुलगा अबशालोम याच्या बंडापासून जीव वाचवण्यासाठी यरुशलेम सोडून निघाला, तेव्हा त्याने किद्रोन ओलांडला आणि तो अनवाणी, रडत रडत जैतुनांचा डोंगर चढला. त्याचा विश्वासू सल्लागार अहीथोफेल फितूर झाला होता आणि पुढे त्याने स्वतःला गळफास लावून घेतला. येशूला दाविदाचा पुत्र म्हणून ओळखणाऱ्या पहिल्या ख्रिस्ती पिढीला ही दोन्ही चित्रे एकमेकांवर ठेवून पाहणे सहज जमले असेल: तोच ओहोळ, तोच डोंगर, जवळच्याच माणसाची फितुरी आणि त्या माणसाचा तसाच शेवट. फरक एवढाच की दावीद डोंगर चढून निघून गेला आणि येशू पायथ्याशी थांबला.

त्या रात्री बागेत नेमके काय घडले, हे मार्काच्या वृत्तान्तात सर्वांत उघडपणे येते. शेवटचे भोजन आटोपून येशू शिष्यांसह तेथे आला. पेत्र, याकोब आणि योहान यांना त्याने सोबत पुढे नेले आणि आपला जीव मरणप्राय खिन्न झाला आहे, तुम्ही येथे थांबून जागे राहा, असे त्यांना सांगितले. मग थोडे पुढे जाऊन तो जमिनीवर पडला आणि शक्य असेल तर ही घटका आपल्यावरून टळून जावी, अशी प्रार्थना करू लागला. ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारून, तुला सर्व काही शक्य आहे, हा (दुःखाचा) प्याला माझ्यापासून दूर कर, असे तो म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला की माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे. परत येऊन पाहतो तर शिष्य झोपी गेलेले. एक तासही तुला जागे राहवले नाही काय, असे त्याने पेत्राला विचारले. आत्मा उत्सुक असला तरी देह अशक्त आहे, हे प्रसिद्ध वचन याच वेळचे आहे. असे तीनदा झाले. त्यानंतर यहूदा आला, त्याने चुंबन घेऊन ओळख पटवली, थोडी झटापट झाली, महायाजकाच्या दासाचा कान कापला गेला आणि सगळे शिष्य येशूला सोडून पळून गेले. तागाचे वस्त्र पांघरलेला एक तरुण ते वस्त्र टाकून उघडाच पळाला, ही बारीकशी नोंद फक्त मार्काने ठेवली आहे. हा तरुण कोण, हे तो सांगत नाही.

ही हकिकत आपल्याला इतकी ओळखीची झाली आहे की तिने प्राचीन वाचकांना किती अडचणीत टाकले असेल, हे लक्षात येत नाही. ग्रीक आणि रोमन जगात थोर माणसाने मृत्यूला शांतपणे सामोरे जावे, अशी अपेक्षा असे. सॉक्रेटिसाने विषाचा प्याला न डगमगता प्यायला, ही कथा तेव्हाच्या शिकलेल्या माणसाला पाठ असे. त्या पार्श्वभूमीवर, ज्याला त्याचे अनुयायी देवाचा पुत्र म्हणतात, तो जमिनीवर पडून प्याला टळावा म्हणून विनवण्या करतो, हे विचित्र वाटणारच होते. दुसऱ्या शतकातील ख्रिस्ती धर्माचा टीकाकार केल्सस याने नेमके यावरच बोट ठेवले: हा देव असेल तर विलाप कसला करतो आणि भीती टळावी म्हणून प्रार्थना का करतो? तिसऱ्या शतकात ओरिजेन या ख्रिस्ती विचारवंताला त्याचे सविस्तर उत्तर द्यावे लागले. लूकच्या वृत्तान्तात, येशूचा घाम रक्ताच्या मोठमोठ्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता आणि एका देवदूताने त्याला धीर दिला, असा मजकूर आहे, पण काही अतिशय जुन्या हस्तलिखितांत ती दोन वचने आढळत नाहीत. ती मुळात होती आणि कोणाला खटकली म्हणून गाळली गेली, की नंतर भर घातली गेली, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, इतकी अडचणीची ठरणारी आठवण ख्रिस्ती मंडळीने टाकून दिली नाही. नव्या करारातील इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातही, येशूने मोठा आक्रोश करून अश्रू ढाळीत प्रार्थना केल्याचा उल्लेख आहे.

या आठवणीतून पुढे ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक मोठा वाद उभा राहिला आणि बागेचे खरे महत्त्व त्या वादातून उलगडते, म्हणून तो थोडा सविस्तर समजून घेतला पाहिजे. इ.स. 451 मध्ये काल्सिदोन येथे भरलेल्या परिषदेने ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मानव आहे, म्हणजे त्याच्यात दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव आहेत, असे ठरवले होते. पण इजिप्त आणि सीरियातील पुष्कळ ख्रिस्ती लोकांना ती मांडणी मान्य नव्हती. सातव्या शतकात पूर्व रोमन (बायझंटाइन) साम्राज्यावर बाहेरून आक्रमणे होत असताना ही फूट सम्राटांना परवडणारी नव्हती, तेव्हा राजधानी कॉन्स्टँटिनोपलहून एक तडजोड पुढे आली: ख्रिस्ताचे स्वभाव दोन असले तरी त्याची इच्छा एकच, आणि ती दैवी, असे म्हणावे म्हणजे वाद मिटेल. वरवर पाहता यात गैर काही दिसत नाही. पण मॅक्सिमस नावाच्या एका मठवासी विचारवंताने विचारलेला प्रश्न साधा होता. ख्रिस्ताला मानवी इच्छाच नसेल, तर गेथशेमानेत ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको’ असे म्हणणारा कोण होता?

मॅक्सिमसचे म्हणणे असे होते की जगावेसे वाटणे आणि मृत्यूपासून मागे सरावेसे वाटणे हा मानवी स्वभावाचाच भाग आहे आणि त्यात पाप नाही. ख्रिस्ताला ती ओढ खरोखर जाणवली, कारण तो खरोखर मानव होता. मात्र त्याच्या मानवी इच्छेने स्वतः होऊन, कोणतीही जबरदस्ती नसताना, पित्याच्या इच्छेला होकार दिला. ती इच्छा दडपली गेली नाही आणि पुसलीही गेली नाही, तिने होकार भरला. ख्रिस्ती विचारात ही बाब निर्णायक ठरते, कारण त्याआधी चौथ्या शतकातच नाझियान्झसच्या ग्रेगरीने एक सूत्र मांडले होते: ख्रिस्ताने मानवाचे जे स्वतःवर घेतले नाही, ते बरेही झाले नाही. माणसाची इच्छाच जर त्याने घेतली नसेल, तर माणसात जे सर्वांत जास्त बिघडलेले आहे तेच तारणाच्या बाहेर राहिले, असा याचा अर्थ झाला असता.

या भूमिकेची किंमत मॅक्सिमसने मोजली. त्याला अटक झाली, त्याच्यावर खटले चालले आणि 662 मध्ये त्याची जीभ व उजवा हात तोडून त्याला काळ्या समुद्राच्या पूर्वेकडे हद्दपार करण्यात आले. त्याच वर्षी तो मरण पावला. 680–681 मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथेच भरलेल्या तिसऱ्या परिषदेने ख्रिस्ताला दैवी आणि मानवी अशा दोन इच्छा आहेत आणि त्या एकमेकींच्या विरोधात नाहीत, असा निर्णय दिला. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स या दोन्ही परंपरांत तो आजही मान्य आहे. एका बागेतील काही मिनिटांच्या प्रार्थनेने साम्राज्याच्या धोरणाविरुद्ध साक्ष दिली, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

बाग या स्थळाचाही यात वाटा आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात मानवाची कथा एदेन बागेत सुरू होते. तेथे आदामाला सर्व काही दिलेले असते, तरी तो देवाच्या इच्छेपेक्षा स्वतःची इच्छा निवडतो आणि नंतर झाडांमागे लपतो. प्रेषित पौलाने रोमकरांस आणि करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत आदाम आणि ख्रिस्त यांची तुलना केली आहे: एकाच्या आज्ञाभंगाने मरण आले, दुसऱ्याच्या आज्ञापालनाने जीवन. पौल गेथशेमानेचे नाव घेत नाही, परंतु पुढच्या भाष्यकारांनी ही तुलना दोन बागांपर्यंत नेली. आणि तिसरी बागही आहे, जी फक्त योहान सांगतो. येशूला जेथे वधस्तंभावर दिले त्या ठिकाणी एक बाग होती आणि त्या बागेत एक नवी कबर होती. रविवारी पहाटे मरिया मग्दालिया तेथे रडत उभी असताना समोर आलेल्या येशूला ती ओळखत नाही आणि हा माळी असावा, असे तिला वाटते. योहानाच्या शुभवर्तमानात असे तपशील सहसा उगाच येत नाहीत. ज्या बागेतून पहिला मानव बाहेर घालवला गेला तिची राखण करणाराच तेथे उभा आहे, असा अर्थ अनेक प्राचीन वाचकांनी त्यातून घेतला आणि मला तो योग्य वाटतो.

आता प्रत्यक्ष जागेबद्दल. चौथ्या शतकाच्या आरंभी युसेबियस या इतिहासकाराने गेथशेमाने हे भाविकांचे प्रार्थनेचे ठिकाण असल्याची नोंद केली आहे. याच शतकाच्या अखेरीस पश्चिमेकडून आलेली एगेरिया नावाची यात्रेकरू स्त्री पवित्र आठवड्यातील गुरुवारच्या रात्रीचे वर्णन करते: सगळा समुदाय रात्रभर जैतुनांच्या डोंगरावर प्रार्थनेत असतो, कोंबडा आरवण्याच्या वेळी लहानथोर सगळे गीते गात पायी खाली उतरतात, दोनशेहून अधिक मेणबत्त्या लावलेल्या असतात आणि अटकेचा भाग वाचला जातो तेव्हा लोकांचा आक्रोश शहरापर्यंत ऐकू जावा इतका मोठा होतो. त्या सुमारास तेथे एक सुंदर चर्चही होते. ते नष्ट झाले, बाराव्या शतकात क्रुसेडरांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, नवे बांधले, तेही काळाच्या ओघात पडले. सध्याचे चर्च इटालियन वास्तुविशारद अंतोनिओ बार्लुत्सी याने बांधले असून ते 1924 मध्ये पूर्ण झाले. अनेक देशांच्या देणग्यांतून उभे राहिल्यामुळे त्याला ‘सर्व राष्ट्रांचे चर्च’ म्हणतात. आत जांभळट काचांमुळे दिवसाही रात्रीसारखा अंधूक उजेड असतो आणि वेदीसमोर, ज्या खडकावर येशूने प्रार्थना केली असे परंपरा मानते, तो खडक उघडा ठेवला आहे. जवळच, डोंगरावर थोडे वर, सोनेरी घुमटांचे रशियन ऑर्थोडॉक्स चर्च आहे.

ही झाडे येशूच्या काळातील आहेत का, हा प्रश्न प्रत्येक यात्रेकरू विचारतो. इ.स. 70 मध्ये यरुशलेमला वेढा घालणाऱ्या रोमन सैन्याने शहराभोवतीची झाडे तोडून टाकली, असे इतिहासकार योसेफसने लिहून ठेवले आहे. इटलीच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी आठ झाडांची तपासणी करून 2012 मध्ये निष्कर्ष जाहीर केले. तीन झाडांच्या खोडांचे वय ठरवता आले आणि ती बाराव्या शतकाच्या आसपासची निघाली. इतर खोडे आतून पोकळ असल्याने त्यांचे वय काढता आले नाही. मात्र आठही झाडांची जनुकीय रचना एकसारखी आढळली, म्हणजे ती सर्व एकाच मूळ झाडाच्या फांद्यांपासून वाढवलेली आहेत. जैतुनाचे झाड तोडले तरी मुळांपासून पुन्हा फुटते, त्यामुळे खोडाचे वय म्हणजे मुळांचे वय असे मानता येत नाही. कोणीतरी, केव्हातरी, एका विशिष्ट झाडाची परंपरा जाणीवपूर्वक पुढे चालवली, एवढे मात्र यातून दिसते. 2020 मध्ये चर्चजवळच्या खोदकामात सुमारे 2000 वर्षांपूर्वीचे यहुदी विधिस्नानाचे कुंड सापडले. घाण्याजवळ असे कुंड असणे स्वाभाविक आहे, कारण यहुदी नियमानुसार शुद्ध तेल गाळायचे असेल तर कामकऱ्यांनाही विधिपूर्वक शुद्ध व्हावे लागे. येशूच्या काळात ही जागा वापरात होती, याचा तेथे मिळालेला हा पहिला पुरातत्त्वीय पुरावा मानला जातो.

अनेक ख्रिस्ती घरांत या प्रसंगाचे चित्र असते. त्यांतले सर्वाधिक छापले गेलेले चित्र जर्मन चित्रकार हाइनरिख हॉफमन याचे आहे, ज्यात येशू खडकावर हात जोडून, वर पाहत, शांतपणे गुडघे टेकून बसलेला दिसतो. ते भक्तिभावाने काढलेले आहे यात शंका नाही, तरी ज्यांनी फक्त ते चित्र पाहिले आहे त्यांनी मार्काच्या चौदाव्या अध्यायातील ती वचने एकदा जरूर वाचावीत, कारण तिथला येशू जमिनीवर पडलेला आहे. भीती वाटणे म्हणजे श्रद्धा नसणे नव्हे, हे त्या वचनांतून ज्यांनी वाचले त्यांत इंग्लंडचा टॉमस मोर हा एक होता. राजाच्या धर्मसत्तेला मान्यता देण्यास नकार दिल्याबद्दल 1535 मध्ये शिरच्छेद होण्यापूर्वी, तुरुंगात असताना त्याने याच प्रसंगावर लिहिले. ज्याला मरणाची भीती वाटते त्याने ख्रिस्ताच्या वस्त्राचा काठ धरून चालत राहावे, असा धीर त्याने त्यात दिला आहे.

सामान्य भाविकांच्या जीवनात ही बाग मुख्यतः जागरणाच्या रूपाने आली. सतराव्या शतकात फ्रान्समधील मार्गारेट मेरी अलाकॉक या कॅथलिक संन्यासिनीने गुरुवारी रात्री अकरा ते बारा हा तास गेथशेमानेतील येशूच्या सोबतीसाठी प्रार्थनेत घालवण्याची प्रथा सुरू केली आणि ती ‘पवित्र तास’ म्हणून जगभर पसरली. कॅथलिक जपमाळेच्या प्रार्थनेत येशूच्या दुःखाचे जे प्रसंग ‘दुःखाची रहस्ये’ म्हणून आठवले जातात, त्यांत पहिले रहस्य बागेतील प्रार्थनेचे आहे. गोव्यात उपवासकाळात ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे जे देखावे उभारले जातात त्यांतही हा प्रसंग असतो. पवित्र गुरुवारी सायंकाळच्या मिस्सानंतर (मुख्य उपासनेनंतर) जगातील इतर कॅथलिक चर्चप्रमाणे वसईतील आणि मुंबईतील चर्चमध्येही पवित्र साक्रामेंत, म्हणजे ख्रिस्ताचे शरीर मानलेली पवित्र भाकर, मुख्य वेदीवरून हलवून फुलांनी सजवलेल्या दुसऱ्या वेदीवर ठेवले जाते, मुख्य वेदीवरची वस्त्रे काढून ती उघडी केली जाते आणि लोक पाळीपाळीने रात्री उशिरापर्यंत तेथे बसतात. पेत्राला विचारलेला एक तासाचा प्रश्न आपल्यालाही विचारला गेला आहे, असे मानून ही पाळी धरली जाते. यरुशलेममध्ये त्याच रात्री फ्रान्सिस्कन संन्यासी आणि यात्रेकरू सर्व राष्ट्रांच्या चर्चमध्ये तो तास पाळतात आणि नंतर मेणबत्त्या घेऊन किद्रोन ओलांडून, येशूला अटक करून जिकडे नेले त्या दिशेने, पेत्राने त्याला नाकारल्याची जागा मानल्या जाणाऱ्या चर्चकडे चालत जातात.